मिसफायर? आधी कॉइलची अदलाबदल करून बघा

कसारा घाट चढताना गाडी धक्के देऊ लागली, चेक इंजिनचा दिवा लागला: मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं. नाशिकला पोचल्यावर चारही कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारे भाग) बदला असा सल्ला मिळाला. खराब निघाली एकच, तीही घरच्या घरी सापडली.

प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असलेल्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनासाठी:

१. स्कॅनरने (गाडीला जोडून बिघाड दाखवणारं यंत्र) कोड वाचा. पी०३०१ ते पी०३०४ यातला शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडरचा नंबर. (एक नंबर बहुधा टायमिंग चेन किंवा बेल्टच्या बाजूचा.)

२. इंजिन बंद आणि पूर्ण थंड असताना, समजा पी०३०२ आला, तर दोन आणि तीन नंबरच्या कॉइल अदलाबदल करा. साधारण १० नंबरचा पाना पुरतो. क्लिप हळू काढा, जुनं प्लास्टिक पटकन तुटतं.

३. कोड पुसून थोडं चालवा. आता पी०३०३ आला तर कॉइलच गेली. पी०३०२ च राहिला तर प्लगची अशीच अदलाबदल करा. तरीही तिथेच असेल तर इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बिघडलेलं, मग मेकॅनिकच बरा.

दिवा लुकलुकत असेल तर मात्र चालवू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या नळीतला, धूर स्वच्छ करणारा भाग) जाळतं, आणि तो कॉइलपेक्षा कितीतरी महाग.