उंच जोत्याच्या दुकानात सगळ्यांना माल कसा घेता येईल

सांगलीत गणपती पेठेत आमचं किराणा-मसाल्याचं दुकान आहे. २०१९च्या पुरानंतर आम्ही जोतं दीड फूट केलं. माल वाचतो, पण गुडघे दुखणाऱ्या आजी आणि तीनचाकीवरचे काका रस्त्यावरच थांबतात. ज्यांची दुकानं अशीच उंच आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

रॅम्पचा विचार असेल तर आधी टेप लावा. १ फूट चढायला १२ फूट उतार लागतो, म्हणजे आमच्या जोत्याला १८ फूट. तेवढी जागा पेठेत कुठली? म्हणून कुणी आखूड, खडा उतार करतात. तो करूच नका, त्यावर चाकाची खुर्ची मागे उलटू शकते.

जागा नसेल तर दुकान खाली न्या. रस्त्याकडेच्या खांबावर, बसलेल्या माणसाचा हात पोचेल अशी बेल लावा. ती वाजली की एकानं खाली उतरायचंच. वरून "काय पाहिजे?" असं ओरडायचं नाही, आपली यादी अख्ख्या पेठेला कुणी का ऐकवावी? उतरताना ताटात दोन-तीन प्रतीची हळद, मिरची, डाळ घेऊन जा. माल हातात घेऊन, वास घेऊन, नको म्हणायचा हक्क प्रत्येक गिऱ्हाइकाला आहे.

पायरी उंच असेल तर एकीच्या दोन करा, बाजूला पाइपचा कठडा बसवा, कडेला पिवळा पट्टा मारा. पायरीवर पोती ठेवू नका.

अंध गिऱ्हाइकाला पैसे परत देताना प्रत्येक नोट नाव घेऊन हातात द्या. नव्या ५००, २०० आणि १०० च्या नोटा रुंदीला सारख्याच आहेत. लांबी १५०, १४६ आणि १४२ मिमी. घाईत ४ मिमीचा फरक बोटांना काय कळणार? कडेच्या उठावाच्या रेषाही वापरून झिजतात. क्यूआरचा साउंडबॉक्स चालू ठेवा, किती रक्कम गेली ते त्यांनाही ऐकू येतं.

कमी ऐकू येणाऱ्यांशी समोर तोंड करून बोला, आकडा कॅल्क्युलेटरवर दाखवा.

सोबत कुणी असलं तरी "यांना काय द्यायचं?" असं त्याला विचारू नका. "काका, काय देऊ?" असं थेट काकांनाच विचारा. न विचारता खुर्ची ढकलू नका. आणि दयेपोटी "राहू द्या पैसे" म्हणू नका, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढच्या वेळी त्या माणसाला भाव करायलाही संकोच वाटतो.

दुकानाचा फोन नंबर जोत्याच्या दर्शनी भिंतीवर मोठ्या आकड्यांत रंगवून घ्या, म्हणजे गाडीवर बसूनच यादी सांगता येते.