भिगवणला होडीतून पक्ष्यांचे फोटो काढताना

पुण्याहून सोलापूर रस्त्याने भिगवण साधारण १०० किलोमीटर. पहाटे चारला निघालात तर उजनी धरणाच्या पाण्यावर कोवळं ऊन मिळतं. दहानंतर पाण्यावरची हवा तापून थरथरते आणि लांबचे रोहित (फ्लेमिंगो) कितीही चांगल्या लेन्समधून धूसरच येतात.

ट्रायपॉड घरीच ठेवा. होडीचा प्रत्येक धक्का तो थेट कॅमेऱ्यात पोचवतो. फळीवर बसा, कोपरं पोटाशी घट्ट धरा, लेन्स हातावर तोला. बसलेल्या पक्ष्याला शटर किमान १/१००० सेकंद, उडत्याला १/२०००. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ऑटोवर, फोकस सलग चालू. काळपट पाण्यावर पांढरा पक्षी असला की कॅमेरा फसतो, पिसांचा तपशील जळतो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, पाऊण स्टॉप खाली घ्या.

नावाड्याला आधीच सांगा, ‘दादा, इंजिन लांबच बंद करा, पुढे बांबूनं न्या.’ थव्याकडे सरळ नको, तिरकं जा. रोहितांनी माना ताठ करून चालायला सुरुवात केली की तिथंच थांबा. फोटोसाठी थवा मुद्दाम उडवू नका. त्यांचं चरणं मोडतं. कुरवांना (सीगल) शेव-फरसाणही टाकू नका.