पाळीव फिंच आजारी आहे हे कसे ओळखावे आणि पहिल्या काही तासांत काय करावे

झेब्रा फिंचचे वजन जेमतेम 12 ते 15 ग्रॅम असते आणि एवढ्याशा शरीरात साठवलेली ताकद फारच थोडी असते. त्यामुळे एखाद्या मोठ्या प्राण्याच्या दुखण्यात एक-दोन दिवस वाट पाहिली तरी कदाचित निभावून जाते, तसे या पक्ष्याच्या बाबतीत होत नाही. शिवाय रानात दुबळा दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या तोंडी आधी सापडतो, म्हणून फिंच आपले दुखणे अंगात त्राण असेपर्यंत लपवतात, आणि आजार आपल्या नजरेस पडतो तेव्हा तो बहुधा काही दिवस आधीच सुरू झालेला असतो. हातात उरलेला वेळ थोडा असल्यामुळे काय पाहावे आणि काय करावे हे पक्षी धडधाकट असतानाच ठरवून ठेवलेले बरे.

पायरी 1: निरोगी पक्ष्याची नीट ओळख करून घ्यावी

रोज सकाळी दाणापाणी बदलण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे पिंजऱ्यापासून थोडे लांब बसून नुसते पाहावे. माणूस जवळ आला की आजारी पक्षीही पिसे आवळून ताठ बसतो आणि आपली फसगत होते. झेब्रा फिंचमध्ये गातो तो नरच, त्यामुळे मादी गात नाही याची काळजी नको. मात्र रोज गाणारा नर अचानक गप्प झाला तर ते लक्षण समजावे. प्रौढ नराची चोच लालभडक आणि मादीची नारिंगी असते, ती फिकट पडू लागली तर लक्ष द्यावे. घरट्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाची चोच काळी असते, तो रोग नव्हे.

दाण्याच्या वाटीवरून बहुतेकांची गल्लत होते. फिंच राळे आणि बाजरी सोलून खातात आणि फोलपटे वाटीतच टाकतात, त्यामुळे वाटी काठोकाठ भरलेली दिसते आणि पक्षी मात्र उपाशी असतो. वाटीवर रोज हलकी फुंकर मारून खाली खरोखर दाणे उरले आहेत का ते पाहावे. सोलापूरकडे भोगीच्या भातासाठी जे राळे मिळतात ते कांडून साल काढलेले असतात. पक्ष्यांना सालासकट राळेच द्यावेत.

ट्रेमध्ये पांढरा कोरा कागद घालून तो रोज बदलावा. निरोगी विष्ठेत गडद रंगाचा घट्ट भाग, त्यावर पांढरा भाग आणि थोडेसे स्वच्छ पाणी असे तीन भाग स्पष्ट दिसतात. अंड्यांवर बसलेली मादी सकाळी एकदम मोठी विष्ठा टाकते, त्याने घाबरून जाऊ नये. जमल्यास सराफी वजनाचा छोटा डिजिटल काटा घेऊन पक्ष्याला डबीत ठेवून आठवड्यातून एकदा वजन करावे, कारण 13 ग्रॅमच्या पक्ष्याचे दीड ग्रॅम वजन उतरले तर शरीराचा दहाव्या हिश्श्याहून जास्त भाग गेला, आणि पिसांमुळे ते डोळ्यांना कळतसुद्धा नाही.

पायरी 2: लक्षण कशाचे आहे हे ओळखावे

लोकरीच्या गुंड्यासारखा फुगून, डोळे अर्धवट मिटून दिवसाढवळ्या बसलेला पक्षी आजारी आहे असेच धरून चालावे. तो दांडी सोडून पिंजऱ्याच्या तळाशी बसला असेल तर त्याच तासाला हालचाल करावी.

श्वासाकडे वेगळे लक्ष द्यावे. प्रत्येक श्वासाबरोबर शेपटी वरखाली होणे, चोच उघडी राहणे, मान ताणणे, पुन्हा पुन्हा चोच दांडीवर घासणे ही श्वसनाच्या त्रासाची चिन्हे आहेत. दिवे मालवल्यावर पिंजऱ्यापाशी कान देऊन ऐकले असता बारीक टिकटिक ऐकू आली, तर श्वासनलिकेत आणि हवेच्या पिशव्यांत राहणाऱ्या सूक्ष्म माइट्सची (गोचिडीसारख्या परजीवींची) शक्यता असते. गोल्डियन फिंचमध्ये हा त्रास विशेष आढळतो. श्वासाचा त्रास धुरानेही उद्भवू शकतो. मिरचीची खमंग फोडणी, धूप, डासांची कॉइल यांचा धूर पिंजऱ्याकडे जाऊ देऊ नये, आणि नॉनस्टिक तवा रिकामा तापल्यावर निघणारा वायू तर पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकतो.

मादी तळाशी बसून जोर देते आहे आणि तिचे गुदद्वार व पोट सुजलेले आहे, असे दिसल्यास अंडे अडकलेले असण्याची शक्यता मोठी. पहिल्यांदा अंडी घालणाऱ्या, कॅल्शियमची कमतरता असलेल्या किंवा लागोपाठ अंडी घातलेल्या माद्यांमध्ये, त्यातही थंडीच्या दिवसांत, असे घडते. पोट दाबून अंडे बाहेर काढण्याचा प्रयत्न कधीही करू नये. ते आत फुटले तर मादी दगावते.

विष्ठेत काळा डांबरी रंग दिसला, न पचलेले दाणे आले किंवा पांढऱ्या भागाचा रंग पिवळा-हिरवा झाला, तर तो कागद घडी घालून जपून ठेवावा.

पायांची पाहणी सोलापूरकरांनी विशेष काळजीने करावी. आपल्या पूर्व भागात यंत्रमागांमुळे सुताचे तुकडे सहज हाताशी येतात आणि पुष्कळजण हौसेने ते घरट्यासाठी पिंजऱ्यात टाकतात. तो धागा बोटाभोवती गुंडाळला जातो, पक्षी ओढत राहतो तसा अधिक आवळतो, बोट सुजते आणि धागा सुजेत रुतून दिसेनासा होतो. पक्षी एका पायावर उभा राहत असेल तर भिंगातून बोटे पाहावीत. धागा वर दिसत असेल तर कोमट पाण्याच्या कापसाने भिजवून बोथट टोकाच्या छोट्या कात्रीने कापावा. रुतलेला असेल किंवा बोट काळे पडले असेल तर ते काम पशुवैद्यावर सोपवावे. घरट्यासाठी वाळलेले मऊ गवत किंवा काथ्याचे आखूड तुकडे पुरेसे असतात.

पायरी 3: ऊब द्यायची की गारवा, हे ठरवावे

सोलापूरच्या उन्हाळ्यात ही गफलत जिवावर बेतू शकते. पिसे फुगवलेला पक्षी गारठलेला असतो, त्याला ऊब हवी. याउलट पिसे अंगाला चिकटलेली, पंख अंगापासून दूर धरलेले आणि चोच उघडी ठेवून धापा टाकणारा पक्षी उष्णतेने बेजार झालेला असतो. झेब्रा फिंच मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला, त्यामुळे पाणी मिळत असेल तर तो ऊन बऱ्यापैकी सोसतो. पण एप्रिल-मेमध्ये पारा 42 अंशांच्या पुढे जातो तेव्हा पत्र्याच्या छताखालच्या खोलीत त्याला पळायला जागाच नसते. अशा पक्ष्याला सावलीत, हवेशीर जागी न्यावे, अंगावर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारावा आणि पाय ओले करावेत. बर्फाचे पाणी वापरू नये आणि कूलरचा झोत थेट अंगावर सोडू नये.

गारठलेल्या पक्ष्याला इतरांपासून वेगळे काढून छोट्या पिंजऱ्यात ठेवावे. पिंजऱ्याच्या तीन बाजू जाड चादरीने झाकाव्यात आणि एका बाजूने, कापडापासून पुरेसे अंतर राखून, 40 किंवा 60 वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब लावावा. एलईडी दिव्याचा यासाठी उपयोग नाही, तो पुरेशी उष्णता देत नाही. बल्बकडच्या टोकाला तापमान 29 ते 32 अंश असावे आणि दुसरे टोक थोडे थंड असावे, म्हणजे पक्ष्याला हवे तिकडे सरकता येते. आत थर्मामीटर ठेवावाच, अंदाजाने काम करू नये. दाणे आणि पाणी तळाशी उथळ वाटीत ठेवावे, कारण आजारी पक्ष्याला दांडीवर चढवत नाही. अंडे अडकलेल्या मादीजवळ गरम पाण्याची वाटी जाळीबाहेर ठेवून हवा दमट ठेवावी. वीज गेली तर गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याच्या एका बाजूला टेकवावी.

पायरी 4: पशुवैद्याकडे न्यावे, औषध मनाने देऊ नये

ऊब ही प्रथमोपचाराची बाब आहे, इलाज नव्हे. आधी फोन करून तेथे पक्षी तपासतात का हे विचारून घ्यावे, कारण अनेक दवाखान्यांत मुख्यतः गुरे आणि कुत्रीच येतात. पक्ष्याला भोके पाडलेल्या छोट्या खोक्यात, अंधारात, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी न्यावे. सोबत विष्ठेचा कागद आणि मोबाईलवर लांबून घेतलेला व्हिडिओ न्यावा, कारण टेबलावर ठेवताच घाबरलेला पक्षी ठणठणीत असल्याचे सोंग घेतो.

माइट्सवर आयव्हरमेक्टिन चालते हे ऐकून शेळ्या-मेंढ्यांसाठी मिळणारे इंजेक्शनचे औषध घरी थेंबभर देण्याचा मोह अनेकांना होतो. ते प्रमाण दहा-वीस किलोच्या जनावरासाठी असते. फिंचसाठी ते किती पातळ करावे हे डॉक्टरच ठरवतात. दुकानदाराने दिलेली अँटिबायोटिकची पावडर पाण्यात मिसळण्याचीही घाई करू नये. पाण्याची चव बदलली की आजारी पक्षी पाणीच सोडतो, आणि निदान होण्यापूर्वी दिलेल्या औषधाने पुढची तपासणीही गोंधळात पडते.

एकापाठोपाठ एक पक्षी मरू लागले तर हातमोजे आणि मास्क वापरावा, पिंजरा हलवू नये आणि पशुसंवर्धन विभागाला कळवावे. एखादा पक्षी मेला आणि कारण कळले नाही, तर तो प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून, खाण्याच्या वस्तूंपासून वेगळा, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा. फ्रीझरमध्ये गोठलेल्या शरीराची तपासणी नीट होत नाही.

पायरी 5: बरा झाल्यावर आणि नवा पक्षी आणताना

बाजारातून आणलेला कोणताही नवा फिंच किमान 30 दिवस वेगळ्या खोलीत ठेवावा आणि त्याचे दाणापाणी सर्वांत शेवटी करावे. लाल मुनियासारखे देशी पक्षी मात्र विकत घेऊच नयेत. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार ते पाळणे गुन्हा आहे. आजारातून उठलेल्या पक्ष्याची ऊब एकदम बंद न करता बल्ब दोन-तीन दिवसांत हळूहळू लांब सरकवावा, आणि खोलीच्या तापमानाला तो दिवसभर फुगून न बसता दाणे सोलून खाताना दिसला की सकाळच्या वेळी त्याला जुन्या पिंजऱ्यात सोडावे. त्या दिवशी घरी कोणीतरी असावे, कारण काही दिवस बाहेर राहिलेल्या पक्ष्याला सोबतचे पक्षी कधीकधी टोचून हाकलतात. तसे झाल्यास त्याचा छोटा पिंजरा मोठ्या पिंजऱ्याला खेटून आणखी काही दिवस ठेवावा.