अंगणवाडीच्या कामाला पैसा उभा करायचा तर आधी पाच जणांना एका सतरंजीवर बसवा

आपल्याकडे लहान पोरांच्या कामाचा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पन पैसा कोन दी भो?" आणि मग सगळे गप. मी पण सुरुवातीची दोन वर्षं हाच प्रश्न घेऊन जळगाव एमआयडीसीत पाईपवाल्यांपासून दाल मिलवाल्यांपर्यंत फिरलो, फाईल बगलेत, सोबत रंगीत फोटो, आणि मिळालं काय तर ज्याच्या त्याच्या मनाप्रमाणे, एकाने भिंती रंगवून दिल्या, एकाने खेळण्यांचं खोकं दिलं, ते खोकं कपाटात कुलूप लावून ठेवलेलं कारण खेळणी तुटली तर हिशोब कोण देणार. तेव्हा डोक्यात आलं की आपण चुकीच्या टोकापासून सुरुवात करतोय.

शून्य ते सहा वर्षांचं पोर एका खात्याचं नसतं, हे आधी समजून घ्या. आहार आणि पूर्वशालेय शिक्षण अंगणवाडीकडे, म्हणजे आयसीडीएसकडे (एकात्मिक बालविकास सेवा योजना), जी योजना २ ऑक्टोबर १९७५ पासून चालू आहे. लस आणि आजारपण सिस्टर (उपकेंद्राच्या नर्सबाई) आणि आशाताईंकडे, जन्मजात दोष आणि वाढीतली अडचण तपासणारी आरबीएसकेची (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची) गाडी वेगळी, नळाचं पाणी आणि संडास ग्रामपंचायतीकडे, आणि सहा वर्षं झाली की पोर झेडपी शाळेच्या गुरुजींच्या ताब्यात. एकच पोर, पाच रजिस्टर. पाचही जणी-जणं आपापल्या परीने राबतात पण वजन कमी झालेल्या पोराचं नाव अंगणवाडीच्या वहीत असतं आणि सिस्टरला ते पंधरा दिवसांनी कळतं, ही खरी गळती आहे आणि ही भिंत रंगवून थांबत नाही. प्रकल्प लिहायचा तर या गळतीवर लिहा.

आता करायचं काय ते सांगतो.

गाव एकेकटं घेऊ नका, एक बीट घ्या, म्हणजे एका मुख्यसेविकेच्या देखरेखीखालचा भाग. मुख्यसेविकेकडे साधारण वीस-पंचवीस अंगणवाड्या असतात, तेवढं पुरे. पहिला महिना-दीड महिना कोणाकडे एक रुपया मागू नका, नुसतं फिरा, वजनकाटा चालतो का, उंची मोजायची पट्टी भिंतीला सरळ लावलीय का, नळ आहे का, मदतनीसची जागा रिकामी आहे का, पोरं घरी कोणती भाषा बोलतात. शेवटचं फार महत्त्वाचं आहे. धडगाव, अक्कलकुव्याकडे घरात पावरी किंवा भिलोरी, इकडे शिंदखेडा, अमळनेरला अहिराणी, आणि भिंतीवरचा तक्ता पुस्तकी मराठीत, तीन वर्षांचं लेकरू त्या चित्राकडं बघून गप्प बसतं आणि आपण रिपोर्टात लिहितो "मूल प्रतिसाद देत नाही".

मग बैठक. सरपंच, ग्रामसेवक, सेविकाताई, आशाताई, सिस्टर, शाळेचे गुरुजी, दोन-चार आया आणि शक्य असेल तर सीडीपीओ (बालविकास प्रकल्प अधिकारी) मॅडम. अंगणवाडीतच घ्या, तालुक्याच्या हॉलमध्ये नको, हॉलमध्ये भाषणं होतात. प्रत्येकाने एवढंच सांगायचं की माझ्याकडून काय होईल आणि माझ्याकडे कोणत्या हेडखाली, म्हणजे खर्चाच्या कोणत्या सदरात, पैसा आहे. इथं लोकांना धक्का बसतो कारण पैसा बऱ्यापैकी असतो, फक्त त्याला कोणी हाक मारलेली नसते.

बघा ना. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात, गावोगावी हे पैसे कधी शिलाई मशीनवर जातात कधी नुसते पडून राहतात. झेडपीच्या महिला बालकल्याण समितीचाही स्वतःचा असाच वाटा असतो. वित्त आयोगाचा पैसा येतो, पंधराव्या आयोगात (२०२१ ते २०२६) ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली होती, आता अंगणवाडीचा नळ, हात धुवायची जागा, पोरांच्या उंचीचा संडास हे सगळं त्याच पाणी-स्वच्छतेत बसतं की, पण आराखड्यात लिहिलं नाही तर कोण देणार. पेसाच्या (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याच्या) गावांना तर आणखी एक खिसा आहे, आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध (एकाच कामाला न बांधलेला) निधी थेट ग्रामपंचायतीला येतो आणि तो कुठं लावायचा ते ग्रामसभा ठरवते, आरोग्य आणि शिक्षण त्यात बसतं. आपल्या खान्देशात नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी हे तालुके पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहेत, नंदुरबार, शहादा, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेरचे काही भाग पण आहेत, तेव्हा तुमचं गाव यादीत आहे का ते आधी बघून घ्या.

इमारत नसेल तर? तिथं तर सरकारनेच एकत्र पैशाचं उदाहरण घालून दिलंय. मनरेगाच्या (रोजगार हमीच्या) जोडीने अंगणवाडी बांधायचा खर्च १२ लाख धरला होता, त्यातले ८ लाख मनरेगाचे, २ लाख वित्त आयोगाचे, २ लाख महिला बालविकासचे. तीन खाती, एक खोली. प्रपोजल लिहिताना मी हे उदाहरण नेहमी देतो, साहेब लोकांना "कन्व्हर्जन्स" (अनेक खात्यांचा पैसा एकत्र आणणं) म्हणजे काय ते लगेच कळतं.

ग्रामपंचायतीचा पैसा हवा असेल तर टाईम पाळा. पुढच्या वर्षाच्या आराखड्याच्या ग्रामसभा २ ऑक्टोबरपासून सुरू होतात, त्याच्या आधी महिला सभा असते, विषय तिथं मांडा. आयांनी मांडलेला विषय खोडायची सरपंचाची हिंमत होत नाही. जानेवारीत गेलात तर ग्रामसेवक प्रेमाने चहा पाजेल आणि पुढच्या वर्षी बघू म्हणेल. आणि सातपुड्यात अजून एक लक्षात ठेवा, दिवाळी झाली की अर्धा पाडा ऊसतोडीला गुजरातमध्ये जातो, म्हणजे ज्यांच्या पोरांसाठी हे सगळं चाललंय तेच ग्रामसभेला नसतात. म्हणून सर्वे आणि महिला सभा दिवाळीच्या आत उरका.

आता कंपनीकडे काय मागायचं. माझं मत ऐकून काहींना राग येतो, पण कंपनीकडे वस्तू मागू नका, माणूस मागा. टेबल, खुर्ची, पंखा, नळ याला सरकारी हेड आहे. ज्याला कोणतंच हेड नाही तो म्हणजे या पाच जणांना दर महिन्याला एकत्र बसवणारा, कमी वजनाच्या पोराची यादी सिस्टरपर्यंत त्याच दिवशी पोचवणारा, सेविकेसोबत घरी जाऊन आईशी बोलणारा माणूस. आपल्याकडे प्रपोजलची रक्कम कमी करायची म्हटली की पहिली कात्री याच माणसाच्या, कोऑर्डिनेटरच्या, पगारावर चालते, आणि तो गेला की उरलेला प्रकल्प म्हणजे सुतळी नसलेला कडब्याचा भारा.

हिशोब करून दाखवतो, आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या भागाप्रमाणे बदला. वीस अंगणवाड्या, साधारण आठशे पोरं. कोऑर्डिनेटर महिना १८,००० म्हणजे वर्षाला २,१६,०००. पेट्रोल ३६,०००. सेविका, मदतनीस आणि आशा मिळून पन्नास जणींची मासिक बैठक, वर्षातून दहा, चहा-नाष्टा धरून २०,०००. सहा दिवसांचं प्रशिक्षण ९०,०००. पोरांच्या भाषेतली चित्रकार्डं आणि खेळसाहित्य दर अंगणवाडी ३,००० प्रमाणे ६०,०००. ऑडिट आणि ऑफिस ४०,०००. झाले ४,६२,०००. आठशेने भागा, एका पोरामागे वर्षाला ५७८ रुपये. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा, पूरक आहारासाठी २०१७ साली ठरलेला दर दिवसाला ८ रुपये होता, ३०० दिवस म्हणजे वर्षाला २,४०० रुपये. म्हणजे कंपनीला सांगायचं की साहेब, नुसत्या खाण्यावर सरकार एवढं घालतंय, ते नीट पोराच्या पोटात आणि अंगात जावं म्हणून आम्ही त्याच्या पावपटीपेक्षा कमी मागतोय. हे वाक्य मी ज्या मीटिंगमध्ये बोललो तिथं पुढचा प्रश्न "किती" असा नव्हता, "कधीपासून" असा होता. (सगळीकडे चालत नाही, एका साहेबांनी मधेच उठून दुसरा फोन घेतला.)

कंपनी कोणती? सीएसआर (कंपनीने सामाजिक कामावर करायचा खर्च) कंपनी कायद्याने लागतो तो ५०० कोटी नेटवर्थ किंवा १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा असलेल्यांना, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के. कुपोषण, आरोग्य, शिक्षण हे तिन्ही विषय त्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहेत तेव्हा "हे आमच्यात बसत नाही" असं कोणी म्हटलं तर नम्रपणे परिशिष्ट दाखवा. यापेक्षा लहान असलेल्या गावच्या व्यापाऱ्याकडे सीएसआर शब्द काढूच नका, त्याच्याकडे डाळ मागा, गाडी मागा, महिन्यातून एक दिवस मागा. देणगी दिली तर ८०जीची (देणाऱ्याला इन्कम टॅक्समध्ये सूट देणारी) पावती द्या पण २,००० च्या वर रोख घेऊ नका, त्याला सूट मिळत नाही, आणि नव्या टॅक्स पद्धतीत असेल तर सूट तशीही नाही, उगीच आमिष दाखवू नका.

बऱ्याच संस्था पुढच्या गोष्टीत अडकतात. कंपनीचा पैसा घ्यायचा तर संस्थेला १२ए आणि ८०जी (दोन्ही इन्कम टॅक्सच्या नोंदण्या), सीएसआर-१ नंबर (कंपनी खात्याकडची नोंदणी) आणि अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. तुमची संस्था कालची असेल तर जुन्या संस्थेला पुढं करा आणि कोण काय करणार, कोणाच्या खात्यात पैसे येणार हे आधीच लिहून काढा. आणि परदेशी पैसा असेल तर जास्त जपा, २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएचा (परदेशी देणगीच्या कायद्याखाली आलेला) पैसा एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला पुढं देता येत नाही, दुसऱ्याकडे एफसीआरएची नोंदणी असली तरी नाही. म्हणजे "मोठी संस्था घेईल आणि आम्हाला वाटेल" हा जुना प्लॅन इथं बंद. बचत गटाकडून खेळणी शिवून घेतली तर ती खरेदी, रीतसर बिल लावून. आमच्याकडे जुन्या लुगड्यांच्या बाहुल्या बायकांनी अशाच शिवल्या, विकतच्या खोक्यापेक्षा पोरं त्यांनाच जास्त कवटाळतात.

कंपनीचा पण एक हंगाम असतो, कापसासारखा. वर्षाचा प्लॅन नवीन आर्थिक वर्षाच्या तोंडाला ठरतो, तेव्हा तीन वर्षांचा प्रस्ताव "ऑनगोइंग प्रोजेक्ट" (एका वर्षापलीकडे चालणारा) म्हणून द्या, सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं त्याला चालतात. जानेवारी-फेब्रुवारीत मात्र खर्च न झालेला पैसा घेऊन त्यांची धावपळ असते, तेव्हा वजनकाटे किंवा उंचीमापक अशी एकदाची वस्तू मागा, माणसाचा पगार तेव्हा मागू नका, मार्चच्या घाईत मंजूर झालेला पगार पुढच्या मार्चला बंद पडतो, मी अनुभवलंय आणि त्या कोऑर्डिनेटर पोराला घरी पाठवताना फार वाईट वाटलं.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे प्रपोजलमधला "रिझल्ट" हा रकाना. तिथं "गाव कुपोषणमुक्त करू" असं कधीही लिहू नका. एक तर ते एका वर्षात होत नाही, दुसरं म्हणजे तसं लिहिलं की वरून दबाव येतो आणि मग वजन पोराचं नाही, रजिस्टरचं वाढतं. उलट देणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की काटे नीट झाले, उंची नीट मोजली, की पहिल्या तीन-चार महिन्यांत तीव्र कुपोषित पोरांचा आकडा वाढलेला दिसेल, कारण ती आधी पण होती, फक्त दिसत नव्हती. हे आधी नाही सांगितलं तर सहा महिन्यांनी तोच आकडा बघून ते पैसा थांबवतील. लिहायचं असेल तर आपल्या हातातलं लिहा, किती बैठका झाल्या, यादीतली किती पोरं सिस्टरने तपासली, ज्यांना पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवलं त्यातली किती खरंच पोचली, किती घरी बाप पण भेटीला बसला.

स्थलांतराला वेगळी ओळ ठेवा. पोषण ट्रॅकरमध्ये (अंगणवाडीच्या मोबाईल ॲपमध्ये) पोराचं नाव एका अंगणवाडीतून दुसरीकडे, परराज्यात सुद्धा, हलवायची सोय आहे आणि राज्याची स्थलांतर ट्रॅकिंग सिस्टिम पण आहे, पण मोबाईलमध्ये नाव हललं म्हणजे पोर हललं असं नाही, ऊसतोडीच्या फडावरच्या मुकादमाचा नंबर घेऊन कोणीतरी फोन करावा लागतो. त्या फोनचा आणि वर्षातून दोनदा गुजरातला जायच्या भाड्याचा खर्च बजेटात स्पष्ट लिहा. देणारे यावर पहिल्यांदा भुवया उंचावतात, मग सगळ्यात जास्त प्रश्न याच ओळीवर विचारतात.

शेवटी कागद. बैठकीत कोण काय देणार ते एका पानावर मराठीत लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या, ग्रामपंचायतीचा वाटा असेल तर त्याचा ग्रामसभेचा ठराव वेगळा घ्या, ठराव क्रमांक आणि तारखेसकट. त्याच्या तीन झेरॉक्स काढा, एक संस्थेत, एक सेविकाताईंच्या पेटीत, एक गावातल्या एखाद्या खमक्या आजीकडे. कारण ग्रामसेवकाची बदली होते, सीडीपीओ मॅडमची होते, कंपनीतला सीएसआरवाला साहेब पुण्याला निघून जातो, आणि नवीन आलेला माणूस पहिलं वाक्य हेच बोलतो की असं काही ठरल्याचं आमच्या रेकॉर्डला नाही. आमच्याकडे दोनदा ते पान आजीच्या पत्र्याच्या डब्यातनं निघालं, मिरच्यांच्या खाली होतं, थोडं लाल झालेलं, पण सह्या सगळ्या वाचता येत होत्या.