वाळवंटात एक रात्र, पण झोप झाली पाहिजे

आधीच सांगते, मी काही ट्रेकर वगैरे नाही. सिंहगडावर जाते ती पिठलं-भाकरी आणि मडक्यातल्या दह्यासाठी. त्यामुळे पाठीला स्लीपिंग बॅग बांधून निघणाऱ्यांना यातलं काही कामाचं नाही. घरातली मोठी माणसं, पोरंबाळं असा गोतावळा घेऊन ज्यांना जैसलमेरच्या वाळूत एक रात्र काढायचीये आणि दुसऱ्या दिवशी कोणाची कंबर, कोणाचं पोट, कोणाचं डोकं बिघडलेलं नकोय, त्यांच्यासाठी लिहितेय.

आम्ही दोनदा गेलो. पहिल्यांदा फोटो बघून बुकिंग केलं, जाहिरातीत लक्झरी असं लिहिलेलं, आणि रात्री साडेबारापर्यंत तंबूपासून पन्नास पावलांवर डीजे. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोडवर झोपायला गेल्यासारखं झालं. रजाई इतकी पातळ की नवरा जॅकेट, मफलर, कानटोपी सगळं घालून आडवा झाला आणि तरी कुडकुडत होता. सकाळी गरम पाणी संपलेलं. दुसऱ्या वेळी त्याहून कमी पैशात गेलो आणि सकाळी सातपर्यंत मेल्यासारखे झोपलो. यावेळी मी आधी फोन करून नको नको ते प्रश्न विचारले होते, एवढंच.

कधी जायचं, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात दुपारी भाजून निघतं आणि मे-जूनमधे तिथला पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा विषयच नको. दिवाळीची सुट्टी आणि नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडा टाळता आला तर टाळा, भाव चढलेले असतात आणि गर्दी म्हणजे रविवारची तुळशीबाग. तारीख पक्की करायच्या आधी कालनिर्णय बघा. पौर्णिमेला वाळू चांदण्यात पांढरीशुभ्र दिसते, टॉर्चही लागत नाही, पण तारे निम्मे गायब. तारे हवे असतील तर अमावस्येच्या मागचे-पुढचे चार दिवस धरा. आणि इंस्टावर दिसतो तो आकाशगंगेचा धूर सोडल्यासारखा ठळक पट्टा हिवाळ्यात संध्याकाळी दिसत नाही, तो भाग तेव्हा क्षितिजाखाली असतो, म्हणून कॅम्पवाल्याशी भांडू नका. हिवाळ्यात मृग, रोहिणी, कृत्तिका आणि थोडं उशिरा वर येणारा व्याध, हे मात्र असे दिसतात की पुण्यात आपण इतकी वर्षं काय बघत होतो असं वाटतं. १३-१४ डिसेंबरच्या आसपास जेमिनिड उल्कावर्षाव असतो, त्यात चंद्र नसेल तर सोने पे सुहागा.

पुण्याहून जोधपूरला थेट ट्रेन आहे, जवळजवळ एक अख्खा दिवस लागतो. तिकिटावर भगत की कोठी दिसलं तर दचकू नका, ते जोधपूरचंच स्टेशन. पुढे जैसलमेर गाडीने पाचेक तास, आणि जैसलमेरहून वाळू अजून चाळीसेक किलोमीटर. माझा आग्रह असा की पुण्याहून निघून त्याच धडाक्यात तंबूत जाऊन पडू नका. जोधपूर किंवा जैसलमेरला एक रात्र हॉटेलात काढा, अंघोळ-बिंघोळ करा, मोठ्या बॅगा तिथेच ठेवा आणि तंबूत फक्त एका रात्रीपुरती छोटी सॅक न्या. वाळूतून चाकाची सूटकेस ओढणारा माणूस मी पाहिलाय, माझाच नवरा होता.

आता कुठे राहायचं. दोन नावं कानावर येतील, सम आणि खुरी. सम जैसलमेरच्या पश्चिमेला, सगळ्यात प्रसिद्ध, सगळे मोठे कॅम्प तिथे, बाथरूम वगैरे सोयी जास्त, आणि गोंगाटही तिथेच. खुरी नैऋत्येला, गावाला लागून, साधं आणि बरंच शांत. सोबत ऐंशीच्या आजी असतील तर सम, पण रस्त्यापासून आत असलेला कॅम्प बघून. नाहीतर खुरी. एक गोष्ट डोक्यात ठेवा, थरचं वाळवंट म्हणजे सगळीकडे वाळूच वाळू असं नसतं. बराचसा भाग खडकाळ, मुरमाड, झुडपांचा. वाळूच्या टेकड्या, तिथे त्यांना धोरे म्हणतात, त्या ठराविक पट्ट्यातच आहेत. आमच्या मुलीने जीपमधून बाहेर बघत विचारलं, "आई, हे तर सोलापूरसारखं दिसतंय, वाळवंट कधी येणार?" अगदीच चुकीचं नव्हतं तिचं, कारण सोलापूरजवळच्या आपल्या नान्नजचा माळढोक पक्षी इथलाही रहिवासी आहे, इथल्या डेझर्ट नॅशनल पार्कमधे तो असतो.

फोनवर विचारायचं काय, हा खरा मुद्दा. सगळ्यात आधी डीजे किती वाजता बंद होतो, तुमचा आणि शेजारच्या कॅम्पचा, दोन्ही. वाळवंटात अडवायला काही नसतं, आवाज लांबून येतो. मग विचारा की तंबूपासून धोऱ्यावर चालत जाता येतं का जीप लागते, कारण फोटोत धोरे असतात आणि कॅम्प निघतो डांबरी रस्त्याला चिकटून. जनरेटर तंबूच्या किती जवळ आहे. झोपायला पलंग आहे का खाली गादी. माणशी रजया किती, आणि जास्तीच्या मागितल्या तर फुकट का पैसे. बाथरूम तंबूला जोडून आहे का, कमोड आहे का, गरम पाणी गीझरचं का बादलीचं आणि कितीपासून कितीपर्यंत. हे विचारताना लाजू नका, रात्री दोन वाजता गुडघे धरून लांबच्या बाथरूमला जायची वेळ आली की लाज कुठल्या कुठे पळते. उंट आणि जीप पॅकेजमधे धरलेत का, तेही विचारा. उत्तरं व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. आणि माझी सगळ्यात भारी युक्ती, फोटो मागू नका, "भैया, अभी तंबू के अंदर जाके एक मिनिट का व्हिडिओ भेजो" असं सांगा. ज्याने पाच मिनिटांत पाठवला त्याच्याकडे आम्ही गेलो, ज्याने "नेट नहीं है मॅडम" सांगितलं त्याला रामराम. जैसलमेरला उतरल्यावर गाडीमागे धावणारे एजंट भेटतील, तिकडे त्यांना लपके म्हणतात. त्यांच्याकडे कितीही स्वस्त असलं तरी ठरवलेलं सोडू नका.

थंडीबद्दल आता जरा सविस्तर, कारण पुणेकर इथेच फसतो. पाषाणला ८-९ झालं की आपल्याकडे पेपरात बातमी येते आणि आपल्याला वाटतं की थंडी आपण पाहिलीये. सासूबाई निघताना हेच म्हणाल्या, "अगं, पन्नास वर्षं पुण्याची थंडी काढलीये मी." डिसेंबर-जानेवारीत तिथे दुपारी चोविसेक डिग्री असतं, हाफ शर्टात फिरता येतं, आणि पहाटे पारा पाच-सहाच्या आसपास, कधी त्याहूनही खाली. हवा कोरडी, वर ढग नाहीत, त्यामुळे वाळूची ऊब सूर्य गेल्या गेल्या उडून जाते. गंमत करून बघा, सूर्य मावळल्यावर तासाभराने धोऱ्यावर बसून हात वाळूत मनगटापर्यंत खुपसा. वरची वाळू गार लागते आणि चार बोटं खाली अजून कोमट असते, दुपारचं ऊन तिथे शिल्लक असतं. आमची पोरगी त्यात दोन्ही पाय पुरून बसली ती उठायलाच तयार नव्हती. म्हणून तंबू निवडायची संधी असेल तर दोन धोऱ्यांमधल्या खोलगट जागेतला घेऊ नका, गार हवा जड असते, ती तिथेच येऊन साचते.

कपडे थर थर करून. आत थर्मल, मग साधा फुल टी-शर्ट, मग स्वेटर, वर वारा अडवणारं जॅकेट. एकच जाडजूड कोट नेला तर तो दुपारी हातात आणि रात्री अपुरा. कानटोपी आणि लोकरीचे मोजे कंपल्सरी, मोज्यांचे दोन जोड, कारण एकात वाळू जाणारच. झोपायला जाताना दिवसभराचे कपडे बदलून कोरडे घाला. सासूबाईंनी माझ्या नाकावर टिच्चून बॅगेत गोधडी कोंबली होती, जुन्या नऊवारीची, आणि रबरी गरम पाण्याची पिशवी. मी म्हटलं, "अहो आई, ते सगळं देतात तिथे." रात्री अकरा वाजता स्वयंपाकघरातून गरम पाणी आणून ती पिशवी रजईत पायाशी सरकवली, आणि आधी आईंचे, मग मुलीचे, मग चक्क माझे पाय त्यावर होते. गोधडी रजईच्या वर नाही, खाली अंथरायची, कारण गार हवा पलंगाच्या खालून लागते आणि वर कितीही पांघरा, पाठ गारच राहते. हे मला त्यांनीच सांगितलं.

आणि प्लीज, कितीही थंडी वाजली तरी कोळशाची शेगडी तंबूत घेऊ नका, कोणी आग्रहाने आणून दिली तरी बाहेर ठेवायला लावा. बंद जागेत कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो, त्याला वास नसतो, झोपेतच जीव जातो. शेकोटी बाहेर शेकायची आणि आत यायचं. तंबूची वरची खिडकी इंचभर उघडी ठेवा, नाहीतर आपल्याच श्वासाची वाफ कापडावर जमून पहाटे टपटप अंगावर.

थंडीइतकाच कोरडेपणा त्रास देतो. ओठ फुटतात, काहींच्या नाकातून रक्तही येतं. आमसुलाच्या तेलाचा तो पांढरा गोळा न्या, ओठांना आणि टाचांना लावा, महागडी क्रीम्स त्याच्यापुढे काही नाहीत. तहान लागत नाही म्हणून पाणी प्यायचं राहून जातं, ते आठवणीने प्या.

उंटावर बसायचं असेल तर सैल पॅंट घाला, जीन्सने मांड्या सोलतात. उंट उठताना मागचे पाय आधी उचलतो, म्हणजे आपण धाडकन पुढे जातो. उंटवाला ओरडतोच "पीछे झुको, माँजी", ते तेव्हा ऐका, सेल्फी नंतर. बसताना तो पुढचे गुडघे आधी टेकतो, तेव्हाही मागेच झुकायचं. पाऊण तास पुष्कळ झाला, त्याहून जास्त बसलात तर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना उंट आठवेल. ज्यांचं कंबरेचं दुखणं आहे त्यांनी उंटगाडी सांगा, तीवर गादी टाकलेली असते आणि मजा तीच. जीप सफारी मात्र मणक्याचा त्रास असलेल्यांनी अजिबात नको. आमच्या ड्रायव्हरने धोऱ्यावरून अशी गाडी उडवली की मी घरातल्या सगळ्या देवांची नावं घेऊन झाली. सूर्यास्त डिसेंबरात सहाच्या जरा आधीच होतो, साडेचारपर्यंत कॅम्पवर पोचा म्हणजे चहा पिऊन निवांत वर जाता येतं. जिथे सगळे चढतात तो धोरा सोडून अजून दोन धोरे पुढे चाला, दहा मिनिटांत माणसं संपतात.

संध्याकाळच्या कार्यक्रमाला नाकं मुरडू नका, पण निवडून बसा. मांगणियार समाजाचे लोकगायक असतील आणि कमायचा (तंतुवाद्य), खडताल (लाकडी पट्ट्या) वाजत असतील तर पुढे जाऊन बसा, ही मंडळी पिढ्यानपिढ्या गाणारी आहेत. कालबेलिया जमातीचा नाच २०१० मधे युनेस्कोच्या यादीत गेलाय. ते संपून रिमिक्स सुरू झालं की उठायचं.

जेवणात दाल-बाटी-चूरमा, गट्ट्याची भाजी, बाजरीची रोटी आणि केर-सांगरीची भाजी. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा आणि खेजडी म्हणजे आपली शमी, हे कळल्यावर सासूबाईंनी हात जोडून मग खाल्ली. बाट्या तुपात डुंबलेल्या असतात, दोनवर थांबा. रात्रीचं जेवण आठच्या आत सांगून ठेवा, बुफे उघड्यावर असेल तर उशिरा सगळं गारढोण.

झोपायच्या आधी बूट तंबूच्या आत घ्या आणि सकाळी उलटे करून आपटूनच घाला, विंचू असू शकतो. फुरसं हा विषारी सापही या भागात असतो, कोकणातलं तेच, थंडीत कमी फिरतं, तरी रात्री बाहेर पडताना टॉर्च पायाशी मारत चला. वाळूत काळे भुंगे धावताना दिसतील, ते काही करत नाहीत.

सकाळी सूर्य सव्वासात-साडेसातला उगवतो, आपल्याहून उशिरा. साडेसहाला उठून रजई अंगावर घेऊनच धोऱ्यावर गेलात तरी कोणी हसत नाही. रात्रीच्या वाऱ्याने आदल्या दिवशीचे पायांचे ठसे पुसून टाकलेले असतात आणि त्या कोऱ्या वाळूवर भुंग्यांच्या पायांच्या शिलाईसारख्या बारीक ओळी असतात, त्या तुडवायच्या आधी बघून घ्या. आदल्या संध्याकाळचे वेफर्सचे पुडेही तिथेच दिसतील दुर्दैवाने, आपले तरी पिशवीत घालून परत न्या.

राहता राहिली वाळू. ती पिठासारखी बारीक असते, फोनच्या चार्जिंगच्या भोकात, चष्म्याच्या बिजागरीत, सगळीकडे घुसते. फोन झिपलॉक पिशवीत ठेवा, कॅमेऱ्याची लेन्स तिथे बदलू नका, आणि वाळू बसलेली काच पुसायची नाही, आधी फुंकायची, नाहीतर ओरखडे. पॉवर बँक रात्री रजईत घ्या, थंडीत बॅटरी लवकर उतरते. घरी आल्यावर कपडे थेट वॉशिंग मशीनमधे टाकू नका, गच्चीत नेऊन खिसे उलटे करून झटका. आम्ही बाल्कनीत झटकले आणि खालच्या काकूंची वाळत घातलेली पापडं होती.