हळद, चुना आणि एचआयव्ही: पाड्यावरच्या मुलांसाठी सत्र

पेठ-सुरगाण्याकडे हे सत्र भातलावणी उरकल्यावर, पण दिवाळीआधी घ्या. दिवाळीनंतर बरीच तरुण मुलं-मुली दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर कामाला उतरतात. त्याआधी त्यांना हे कळायला हवं. मुलगे आणि मुली वेगळे बसवा, नाहीतर कुणी तोंड उघडत नाही.

गट एकोणीस जणांचा, विसावे तुम्ही. आदल्या रात्री लिटरभर पाण्यात दोन चमचे खायचा चुना कालवून झाकून ठेवा. सकाळी वरची निवळी अलगद ओतून घ्या. एका पेल्यात ती (हा लागण झालेला माणूस), बाकीच्यांत साधं पाणी. सगळे पेले अर्ध्याहून कमी भरा. बोअरचं जड पाणी नको, निवळी मिसळताच ते दुधी होतं आणि बिंग आधीच फुटतं. पावसाचं किंवा फिल्टरचं घ्या. आता तीन फेऱ्या, दर फेरीला नवा जोडीदार. एकाने आपलं पाणी दुसऱ्याच्या पेल्यात ओतायचं, निम्मं परत घ्यायचं. दोघांना मात्र आधीच सांगा, कुणाशीच अदलाबदल करू नका. शेवटी प्रत्येक पेल्यात चिमूटभर हळद टाका. चुना पोचला तिथे हळद लाल होते. लाल पेले मोजा: एकाचे आठपर्यंत झालेले असतात, न बदललेले दोन पिवळेच राहतात. हे पाणी कुणी पिऊ नये, डोळ्यांत जाऊ देऊ नये.

निवळीचा पेला मुलाच्या हाती दिला, तर पोरं त्याला पुढे चिडवत राहतात. तो तुम्हीच धरा. आणि अदलाबदल म्हणजे निरोधशिवायचे संबंध, हे लगेच सांगा. नाहीतर एका पेल्यातून पाणी प्यायल्याने लागण होते असं डोक्यात बसतं. विषाणू रक्त, वीर्य, योनीतला स्राव आणि आईचं दूध यांतून जातो. डासातून, एका ताटात जेवण्यातून नाही. जत्रेत एकाच सुईने अनेकांना गोंदतात, तो धोका मात्र खरा आहे.

भीती घालू नका, नेमकं सांगा. पश्चिम केनियात आठवीच्या मुलींना 40 मिनिटांत एवढंच सांगितलं, की कोणत्या वयाच्या पुरुषांत लागण किती. किशोरवयीन गर्भधारणा 28 टक्क्यांनी घटल्या. म्हणून मोबाईल, पैसे देऊ करणाऱ्या थोराड माणसाबद्दल मुलींशी उघड बोलाच.

सरकारी आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, तपासणी मोफत होते. 18 वर्षांखाली पालकांची संमती लागते. संबंधानंतर लगेचची तपासणी निगेटिव्ह आली, तरी तीन महिन्यांनी पुन्हा करावी. जबरदस्ती झाली किंवा वापरलेली सुई टोचली, तर 72 तासांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं, लागण टाळणारं औषध सुरू करून 28 दिवस घ्यायचं असतं. 1097 हा एचआयव्ही मदतीचा मोफत क्रमांक फळ्यावर लिहून ठेवा.

समोर बसलेल्यांत जन्मापासून एचआयव्ही असलेलं मूल असू शकतं, हे धरूनच बोला. रोज गोळ्या घेऊन ते शिकेल, कमवेल, संसार करेल, हेही त्याच्या कानावर पडू द्या. चिठ्ठ्यांचा डबा फिरवताना प्रश्न नसेल त्यानेही कोरी चिठ्ठी टाकायची, म्हणजे विचारणारा कोण ते कळत नाही.