रांगोळी, पीओपी आणि फेव्हिकॉल: मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर खरा वाटणारा बर्फ

आपल्या बेळगाव भागात बर्फ कधी बघायला मिळत नाही, त्यामुळे लेआउटवर, म्हणजे मॉडेल रेल्वेचे रूळ, डोंगर, घरं बसवलेल्या पाटावर, बर्फ करायचा म्हटलं की हात आधी पांढऱ्या रंगाकडे नाहीतर कापसाकडे जातोय आणि सगळीकडे सारखा थर बसतोय. तिथंच सगळं बिघडतंय. मटेरियल काय घ्यायचं ते नंतर बघूया, आधी हे पक्कं करा की बर्फ वरनं पडतोय आणि वारा नेईल तिकडे साठतोय. उभ्या कड्यावर तो टिकत नाही, छज्जाच्या खाली जात नाही, भिंतीच्या किंवा भरावाच्या आडोशाला मात्र ढीग लागतोय. म्हणून बेसवर पेन्सिलीनं एक बाण काढून ठेवा, वारा ह्या बाजूनं, आणि शेवटपर्यंत त्या बाणाला धरूनच काम करा.

काश्मीरच्या लाईनीचे थंडीतले व्हिडिओ भरपूर आहेत, बनिहाल ते बारामुल्ला, ते निवांत थांबवून थांबवून बघा, रुळाचा माथा चकचकीत, रुळाखालचे स्लीपर झाकलेले, प्लॅटफॉर्मवर लोक चालतात तिथं चिखलाळ करडा बर्फ. पीर पंजालचा बोगदा ११ किलोमीटरपेक्षा लांब आहे आणि २०१३ साली सुरू झाला, तो मला लेआउटसाठी फार उपयोगी वाटतो, कारण बोगदा म्हणजे आयता पडदा, एका तोंडाकडे बर्फ आणि दुसऱ्या तोंडाकडे नुसतं कोरडं गवत ठेवलं तरी चालतंय. अख्खा लेआउट पांढरा करायची गरजच नाही. छोटी गाडी आवडत असेल तर कालका-शिमला करा की, तिथला गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ७६२ मिलिमीटर, एचओ ह्या मॉडेलच्या मापात (खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग) पावणेनऊ मिलिमीटर, त्यामुळे त्याहून लहान एन मापाचा ९ मिलिमीटरचा ट्रॅक बसतोय आणि शिमल्याच्या बाजूला बर्फ पडतोच.

आता माप. एचओ म्हणजे १:८७, तिथं फूटभर बर्फ साडेतीन मिलिमीटरचा होतो, एन मध्ये म्हणजे १:१६० ला दोन मिलिमीटरसुद्धा भरत नाही. ह्यापेक्षा जाड केलात तर डबे बुडाल्यासारखे दिसणार. कणाचंही तसंच, अर्ध्या मिलिमीटरचा दाणा एचओत सव्वाचार सेंटिमीटरचा होतोय, म्हणजे तो बर्फ राहिला नाही, खडी झाली.

म्हणून पावडर. खायचा सोडा बरेच जण सांगतात, दिसायला तो सुरुवातीला छान दिसतो हे खरं, पण जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा कशी असते माहीत आहे, खानापूर-लोंढ्याकडे तर कपडे वाळत नाहीत, अशा ओलीत सोड्याचे गोळे होतात, गोंदाबरोबर पिवळा पडतो, रुळाला डाग पडतात, सुटी पावडर इंजिनच्या गिअरमध्ये जाते ती वेगळीच. मीठ पाणी सोडतंय, साखरेला मुंग्या, मैद्याला बुरशी आणि झुरळं. ह्यातलं काही नको. संगमरवराची बारीक भुकटी घ्या, नाहीतर साधी पांढरी रांगोळी मैद्याच्या चाळणीनं, मग जुन्या सुती कापडातनं चाळून घ्या, जाड उरलेली दारात काढायला होतेच. चाळताना मास्क पाहिजेच, काही रांगोळीत गारगोटीची पूड असते, ती फुफ्फुसात जाऊ द्यायची नाही.

जमीन थर्माकोलची असेल तर त्यावर स्प्रे पेंट किंवा चपलेचा गोंद लावू नका, थर्माकोल विरघळतंय. आधी जमीन नेहमीसारखी पूर्ण करा, मातीचा रंग, गवत, दगड, सगळं. मग जिथं दाट बर्फ येणार तिथं पांढरा इमल्शन मारा नाहीतर खालचा तांबडा रंग वर दिसत राहतो. ढिगांसाठी पीओपी, फॉल्स सीलिंगच्या सामानाच्या दुकानात सुटं मिळतंय. पाण्यात पीओपी टाकायचं, पीओपीत पाणी नाही, आणि थोडं थोडंच कालवा, दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होतंय. लावल्यावर ओल्या ब्रशनं कडा पुसून घ्या. दिवाळीत किल्ला करताना पोरं ओल्या हातानं मातीचा उतार गुळगुळीत करतात अगदी तसंच. कालवतानाच चिमटीभर नीळ घाला, खरंच चिमटीभर, त्यानं सावलीतला बर्फ जरा निळसर दिसतो आणि चुन्यासारखा सपाट पांढरा राहत नाही.

पीओपी पूर्ण वाळलं की फेव्हिकॉल आणि पाणी निम्मं निम्मं, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, ब्रशनं लावा आणि लगेच चहाच्या गाळणीतनं पावडर पाडा, हात वर धरून, हळू, त्या बाणाच्या दिशेनं जरा जास्त. आडोशाला दोनदा, वाऱ्याच्या तोंडाला एकदाच आणि तेही तुटक, गवताची टोकं दिसू देत. मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा बारीक फवारा लांबनं मारायचा म्हणजे वरची पावडर भिजते आणि मागनं पातळ फेव्हिकॉल, एकास चार पाणी, सोडलं तर खड्डे पडत नाहीत. खिडकी उघडी ठेवा, जवळ गॅस, उदबत्ती काही नको. एक रात्र जाऊ दे, सुटी पावडर मऊ ब्रशनं झाडून काढा.

ट्रॅकवर आधी मास्किंग टेप. रुळाच्या आतल्या बाजूनं चाकाची कड जाते, तिथं बर्फ रुळाच्या माथ्यापेक्षा बराच खाली ठेवा आणि गोंद ओला असतानाच एक डबा हातानं ढकलून फिरवा, चाक आपली वाट आपणच करून घेतंय. गाडी एका रुळावरनं दुसऱ्यावर नेणाऱ्या सांध्याच्या हलणाऱ्या पट्ट्यांजवळ पावडर अजिबात नको, रेल्वेवालेसुद्धा सांधे झाडून मोकळे ठेवतात, त्यामुळे ते खोटं दिसत नाही.

झाडांसाठी बाजारातली महागडी घ्यायची गरज नाही. दोन तारांमध्ये नारळाचा काथ्या धरून ड्रिलनं पीळ दिला, कात्रीनं निमुळता कापला, गडद हिरवा मारला की देवदार तयार. वरनं हेअरस्प्रे आणि वरनंच पावडर, झाड आडवं करून फिरवू नका, फांदीची खालची बाजू हिरवी राहिली तरच ते झाड बर्फातलं वाटतंय. छपरांना तसंच, धुराड्याच्या भोवती मात्र मोकळं ठेवा कारण उष्णतेनं तिथं वितळतंय. सायडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभ्या वॅगनवर थर चालतो, धावत्या गाडीवर मला पटत नाही. बर्फाचे लोलक ग्लू गनची तार ओढून होतात पण चार-पाच पुरे, पाणी ठिबकेल तिथंच. चमकी टाळाच, तिचा कण मोठा पडतो आणि इंजिनाला चिकटून बसतो.

लाईट पांढरा लावा, ६००० केल्विनच्या आसपास, पिवळ्या बल्बखाली सगळी मेहनत मळकट दिसते. पिवळा उजेड घरांच्या खिडक्यांत ठेवा.

हे सगळं दिवाळीनंतर करायला घ्या, पावसात फेव्हिकॉल लवकर सुकत नाही. आणि काम झालं की लेआउटवर प्लास्टिक शीट कायम, आपली तांबडी धूळ पांढऱ्यावर आठवड्यात दिसायला लागते आणि पुसून निघत नाही, मग चाळणी घेऊन वरनं नवा पातळ थर द्यावा लागतो, तेवढ्यासाठी वाटीभर चाळलेली पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात बाजूला ठेवा.